वेताळाच्या दिवट्या



रानांत, ओढ्याकाठीं, स्मशानाच्या बाजूस किंवा गांवाच्या शिवेवर रात्रीं जे दिवे दिसतात आणि ज्यांचा धनी कोण हें कोणास ठाऊक नसतें, अशा दिव्यांविषयीं आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. असा दिवा दिसल्याची हकीकत ज्या घरांत कधींच सांगितली गेली नाहीं, असें मराठी घर विरळा. आजोबा बैलगाडी घेऊन परगांवाहून येत होते, अमावास्येची रात्र होती, दूर शेतांत एक उजेड दिसला, एकाचे दोन झाले, दोनांचे चार झाले, गाडी पुढें निघाली तसे तेही पुढें सरकले, बैल बुजले, आणि पहाट होईपर्यंत गाडी त्याच बांधाभोंवतीं फिरत राहिली. गांवाचें नांव बदलतें, ओढ्याचें नांव बदलतें, परंतु हकीकतीचा सांगाडा बदलत नाहीं.

या हकीकतीकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. एक रीत म्हणते, तो वेताळच होता, अधिक विचारूं नये. दुसरी रीत म्हणते, आजोबांना भास झाला, अधिक विचारण्याचें कारण नाहीं. या दोन्ही रीती परस्परविरुद्ध भासल्या, तरी त्यांचा परिणाम एकच होतो : चौकशी थांबते. या दिव्यांचा इतिहास पाहिला म्हणजे असें दिसून येतें कीं, जेथें जेथें कोणी तरी चौकशी न थांबवतां पुढें नेली, तेथें तेथें मनुष्याच्या हातीं कांहीं तरी मोलाचें लागलें आहे; आणि जेथें ती थांबली, तेथें कोणा निरपराध्याला त्याची किंमत मोजावी लागली आहे. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नाहीं.

प्रथम आपल्या जुन्या वाङ्मयाकडे वळूं. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायांत, स्वधर्मापासून च्युत झालेला ब्राह्मण मरणानंतर ‘उल्कामुख’ नांवाचें प्रेत होतो, असें सांगितलें आहे. उल्कामुख म्हणजे ज्याच्या तोंडांत आग आहे असा. मुखांतून जाळ काढीत हिंडणाऱ्या प्रेताची कल्पना आपल्याकडे निदान इतकी जुनी आहे. परंतु याच भूमींत दुसरीही एक परंपरा नांदत होती. कालिदासानें ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गांत हिमालयाचें वर्णन करतांना रात्रीं प्रकाशणाऱ्या वनौषधींचा उल्लेख केला आहे, गुहेंत राहणाऱ्या वनचरांना त्या वनस्पति तेलावांचून जळणाऱ्या दिव्यांसारख्या उपयोगीं पडतात, अशी त्याची कल्पना आहे. एका ग्रंथांत धन्याविना पेटलेला प्रकाश हा पापाचें फळ आहे, तर दुसऱ्यांत तो सुखाचें साधन आहे. रानांतला उजेड पाहून भ्यावें कीं हरखून जावें, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनींही एकाच उत्तरानें सोडविला नव्हता.

लोकसमजुतीचें क्षेत्र तर याहून विस्तृत आहे. कोंकणांत वेताळ हा भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्रीं त्याची पालखी निघते, पुढें दिवट्या असतात, मागें भूतगणांची पलटण असते, असें सांगतात. दूर डोंगराच्या अंगावर ओळीनें हलणारे दिवे दिसले कीं, ‘वेताळाची स्वारी चालली’ असें म्हणून मुलांना घरांत घेत. घाटावर ‘आग्यावेताळ’ हें नांव अधिक परिचयाचें. आग्या मोहोळांतला ‘आग्या’ आणि हा ‘आग्या’ एकच. ज्याच्या अंगीं आग आहे तो. रागीट माणसाला आपण अजूनही आग्यावेताळ म्हणतों, पण त्या शब्दामागें रात्रीं माळावर पेटत जाणारी एक आकृति उभी आहे, हें बोलतांना आपल्या ध्यानीं येत नाहीं. वाट चुकवून त्याच जागीं फिरवीत ठेवतो तो ‘चकवा’. गोमंतकांत ‘देवचार’ आहे. तो हातांत काठी व जळती चूड घेऊन गांवाची राखण करीत फिरतो, आणि रात्रीं वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत पोंचवितो असेंही म्हणतात. वेंगुर्ले तालुक्यांतील आरवली येथील वेतोबाला भाविक लोक मोठमोठ्या चपला वाहतात. रात्रभर गांवाभोंवतीं फिरून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे हे दिवे सर्वत्र वैऱ्याचेच मानलेले नाहींत. कित्येक ठिकाणीं ते पहारेकऱ्याच्या हातांतले आहेत.

कोल्हापूरकरांना वेताळ शोधण्याकरितां कोंकणांत उतरण्याचेंही कारण नाहीं. येथील शिवाजी पेठेंत वेताळमाळ तालीम आहे. नांवांतला वेताळ आणि नांवांतला माळ दोन्ही टिकून राहिले आहेत. भोंवतीं मात्र आतां गजबजलेली वस्ती आहे आणि रात्रभर रस्त्यावरचे दिवे जळत असतात. वेताळाच्या दिवट्या दिसावयास आधीं अंधार लागतो, आणि तो शहरांत आतां उरलेला नाहीं.

आपल्या प्रांताबाहेरही हीच कथा आहे. बंगालच्या दलदलींत कोळ्यांना जो उजेड दिसतो त्याला तेथें ‘आलेया’ म्हणतात. तो नावाड्याला चुकीच्या वाटेला लावतो अशी समजूत आहे. कच्छांतील बन्नीच्या गवताळ रानांत अशाच दिव्याला ‘चीर बत्ती’, म्हणजे भुताचा दिवा, हें नांव आहे. युरोपांत सोळाव्या शतकांतील पंडितांनीं त्याला लॅटिन भाषेंत ‘इग्निस फॅट्यूअस’, म्हणजे वेडा अग्नि, असें नांव दिलें. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या इतक्या लोकांनीं इतक्या दूरदूरच्या ठिकाणीं जवळजवळ एकच वर्णन करावें, ही गोष्ट नुसती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

या समजुती कागदावर कशा आल्या, तोही इतिहास ऐकण्याजोगा आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचें नांव आपण एका वेगळ्याच संदर्भांत वाचलेलें असतें. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळीं अनंत कान्हेरे यांनीं त्याला गोळ्या घातल्या. या जॅक्सनला लोकसमजुती जमविण्याचा नाद होता. त्यानें प्रश्नांची एक यादी करून ती गांवोगांवच्या शाळांकडे पाठविली होती, आणि गांवोगांवच्या मास्तरांनीं आपापल्या भागांतील भुतें, देवस्की, उतारे, नवस, पिकांचे विधि यांसंबंधीं उत्तरें लिहून धाडलीं होतीं. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानें तीं टिपणें संकलित केलीं. गुजराथचा भाग १९१४ सालीं व कोंकणचा भाग १९१५ सालीं छापून निघाला. त्यांत वेताळ, ब्रह्मग्रह, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, हडळ अशी सगळी प्रजा आपापल्या स्वभावलक्षणांसह नोंदलेली आहे. तळटिपांमध्यें माहिती देणाऱ्याचें नांव बहुतेक ठिकाणीं नाहीं. अमुक गांवचा शाळामास्तर, एवढेंच आहे.

मी स्वतः आयुष्यभर शाळेंतच राबलेला असल्यामुळें या अनामिक मास्तरांविषयीं मला विशेष आदर वाटतो. त्यांतील पुष्कळ जण सृष्टिज्ञान आणि भूगोल शिकवीत असतील, आणि गिऱ्हा व खवीस यांच्यावर त्यांचा विश्वास असेल किंवा नसेल. परंतु उत्तर लिहितांना त्यांनीं आपलें मत लोकांच्या तोंडीं घातलें नाहीं. गांव काय म्हणतें तें त्यांनीं लिहिलें. साक्ष आणि निवाडा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणें, हें शास्त्राचें पहिलें पाऊल होय; आणि तें पाऊल आपल्या प्रांतांत कोंकणांतल्या खेडेगांवच्या शाळांतून टाकलें गेलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां दिव्यांच्या इतिहासाची दुसरी बाजू पाहूं. रात्रींच्या अनोळखी उजेडावर मनुष्य किती सहज विश्वास ठेवतो, याचा उपयोग धूर्त सेनापतींनीं फार पूर्वींपासून केला आहे. ख्रिस्तपूर्व २१७ या वर्षीं इटलींत हॅनिबालचें सैन्य डोंगरांच्या वेढ्यांत सांपडलें होतें. त्यानें सुमारे दोन हजार बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या जुड्या बांधून त्या रात्रीं पेटविल्या आणि बैल टेकडीकडे हांकले. खिंड राखणाऱ्या रोमन शिपायांना वाटलें, शत्रु मशाली घेऊन त्या बाजूनें निसटत आहे; ते तिकडे धांवले, आणि हॅनिबाल मोकळ्या खिंडींतून सैन्यासह बाहेर पडला. आपल्याकडेही अशीच कथा परंपरेनें चालत आली आहे. १६६३ च्या एप्रिल महिन्यांत शिवाजी महाराजांनीं पुण्याच्या लाल महालांत शिरून शाइस्तेखानाचीं बोटें छाटलीं. त्यानंतर पाठलागावर निघालेल्या मोंगलांना कात्रजच्या घाटांत बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते दिसले, आणि ते त्या उजेडामागें धांवत गेले. महाराज निघून गेले दुसऱ्याच वाटेनें. ‘कात्रजचा घाट दाखविणें’ हा वाक्प्रचार आपण त्या कथेच्या आधारानेंच वापरतों. मोंगल शिपायांनीं पाहिलेला उजेड भासाचा नव्हता. उजेड खरा होता. त्याचा त्यांनीं लावलेला अर्थ तेवढा खोटा होता. श्रोत्यांनीं हा भेद मनांत धरून ठेवावा; पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

शास्त्राचा प्रवेश या प्रकरणांत अठराव्या शतकांत झाला. १७७६ च्या नोव्हेंबरांत अलेस्सांद्रो व्होल्टा हा इटालियन शास्त्रज्ञ माज्जोरे सरोवराच्या कांठीं काठीनें चिखल ढवळीत होता. वर येणारे बुडबुडे त्यानें उलट्या धरलेल्या बाटलींत भरून घेतले, आणि त्या वायूला आंच लागतांच तो पेटतो असें त्याला आढळलें. हाच आपला मिथेन वायु. सडणाऱ्या पालापाचोळ्यांतून तो निघतो, आणि आतां गोबर वायूच्या रूपानें खेड्यांतील चुलींतही जळतो. दलदलींतील भुताचे दिवे म्हणजे हाच वायु हवेंतील विजेच्या योगानें पेटत असावा, असा तर्क व्होल्टानें केला. पुढें १७८३ सालीं झांजांब्र या फ्रेंच रसायनज्ञानें फॉस्फरसपासून एक नवा वायु तयार केला. तो हवा लागतांच आपण होऊन पेटे. हाडांत फॉस्फरस असतो, हाडें स्मशानांत असतात, तेव्हां स्मशानांतील दिव्याचें कोडें सुटलें, असें पुष्कळांना वाटलें. ‘भूत नव्हे, फॉस्फरस’ हें उत्तर तेव्हांपासून शाळाशाळांतून दिलें जाऊं लागलें, आणि सुशिक्षित घरांतून अजूनही दिलें जातें.

परंतु हें उत्तर दिसतें तितकें पुरें नाहीं. दिव्यांजवळ प्रत्यक्ष जाऊन पाहणारे लोक थोडे. त्यांत ब्लेसन नांवाचा एक जर्मन लष्करी अधिकारी होता. त्याचीं निरीक्षणें १८३३ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झालीं. दलदलींत दिवसा जेथें बुडबुडे येतांना दिसत, तेथेंच रात्रीं त्याला निळसर जांभळ्या ज्योती दिसल्या. तो जवळ गेला कीं त्या मागें सरत. ज्योत पुढें पळते ती आपल्याच चालण्यानें आणि श्वासानें हवा हलते म्हणून, असें त्यानें ओळखलें. तो स्तब्ध उभा राहिला, तेव्हां ज्योती परत आल्या. आपल्या आजोबांचा दिवा गाडीपुढें कां सरकत होता, याचें एक साधें उत्तर येथें मिळतें. ब्लेसननें कागदाचा कपटा ज्योतीवर धरून पेटवूनही दाखविला. याच्या उलट, अनेक साक्षीदारांनीं पाहिलेला प्रकाश थंड होता; त्यानें गवताची काडीही जळत नसे. फॉस्फरसचा वायु पेटला म्हणजे पांढरा धूर निघतो आणि लसणासारखी उग्र घाण सुटते. दिव्यांच्या वर्णनांत ना धूर, ना घाण. मिथेन तर पांचशें अंशांहून अधिक उष्णता लागल्यावांचून आपण होऊन पेटतच नाहीं. मग रात्रीं चिखलांत त्याला काडी कोण लावतो? इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठाचे ॲलन मिल्स यांनीं १९८० सालीं प्रयोगशाळेंत हा थंड प्रकाश निर्माण करण्याचा प्रयत्न केला, पण जुन्या वर्णनांशीं जुळणारा दिवा कांहीं त्यांना पेटवितां आला नाहीं.

अगदीं अलीकडे, २०२५ च्या सप्टेंबरांत, अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रिचर्ड झेअर व त्यांचे सहकारी यांनीं या कोड्यावर एक नवा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं पाण्यांत मिथेन आणि हवा यांचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले. अशा बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर विद्युद्भार सांचतो, लहान मोठ्या बुडबुड्यांवर तो निरनिराळा असतो, आणि दोन बुडबुडे जवळ आले म्हणजे त्यांच्यामध्यें डोळ्यांना सहज न दिसणारी बारीकशी वीज चमकते. या विजेनें मिथेनचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होतो आणि मंद प्रकाश पडतो. हें सर्व नेहमींच्या उष्णतेंत घडतें. बाहेरची काडी लागत नाहीं. व्होल्टानें अडीचशें वर्षांपूर्वीं आकाशांतील विजेवर संशय घेतला होता. वीज होती खरी, पण ती आकाशांत नसून बुडबुड्यांतच होती असें म्हणण्यास आतां आधार मिळाला आहे. अर्थात् प्रयोगशाळेंतील नळी म्हणजे रानांतील दलदल नव्हे, आणि खऱ्या दलदलींत हेंच घडतें कीं काय हें पाहावयाचें आहे. शास्त्राचीं उत्तरें अशींच टप्प्याटप्प्यानें येतात.

सर्व दिवे दलदलीचेच असतात असेंही नाहीं. कांहीं दिवे जिवंत असतात. वळवाचे पाऊस पडूं लागले म्हणजे भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरांत झाडेंच्या झाडें काजव्यांनीं एका तालावर उजळतात आणि मावळतात. ही नराची मादीला दिलेली खूण असते. सह्याद्रीच्या दाट पावसाळी रानांत कुजक्या लांकडावर उगवणारी कांहीं अळंबीं रात्रीं हिरवट प्रकाश देतात. कालिदासाच्या औषधींचें मूळ अशाच एखाद्या दृश्यांत असूं शकेल. कोंकणच्या किनाऱ्यावर ‘नॉक्टिल्यूका’ नांवाचे एकपेशीय जीव कोट्यवधींनीं जमले म्हणजे लाट फुटतांच पाणी निळें पेटतें, आणि वल्ह्यावरून थेंब नव्हे, ठिणग्या गळतात असें वाटतें. रॉबर्ट बॉइल यानें १६६७ च्या सुमारास चमकणारें लांकूड कांचपात्रांत ठेवून त्यांतील हवा काढून घेतली, तेव्हां प्रकाश मावळला. हवा परत सोडली, तेव्हां तो परत आला. पुढें १८८५ नंतरच्या कांहीं वर्षांत रफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, दोन द्रव्यांचा संयोग होऊन हा थंड उजेड उत्पन्न होतो. अरबी समुद्रांत नॉक्टिल्यूकाचे थवे वाढत आहेत, आणि त्या वाढीचा पाण्यांतील प्राणवायु घटण्याशीं संबंध आहे, असा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे किनाऱ्यावरचा ज्या उजेडाला आपण नवल म्हणून पाहावयास जातों, तो समुद्राच्या प्रकृतीची तक्रारही सांगत असेल.

आणखी कांहीं दिवे माणसाचेच असतात, पण हवा त्यांना दूर नेऊन ठेवते. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागांत ‘मिन मिन’ नांवाचा दिवा प्रवाशांच्या मागें लागतो अशी प्रसिद्धि आहे. प्राध्यापक पेटिग्रू यांनीं २००३ सालीं दाखवून दिलें कीं, रात्रीं जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उष्ण झाली म्हणजे क्षितिजापलीकडे कित्येक मैलांवर असलेल्या मोटारीच्या दिव्याचा किरण वाकून येतो आणि तो दिवा समोर तरंगतांना दिसतो. मृगजळाचेंच हें रात्रींचें रूप होय. आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यांत तर अशा दिव्यांना तोटा नव्हता. ऊंसाच्या हंगामांत रात्रभर पेटणारी गुऱ्हाळाची चुलवाणें, पहिल्या पावसानंतर ओढ्यांतून उजेड घेऊन खेंकडे धरीत हिंडणारी मंडळी, पाण्याची पाळी आली म्हणून अपरात्रीं बांधावर फिरणारा शेतकरी, हे सर्व दुरून पाहणाऱ्याला वेताळाच्या दिवट्यांसारखेच दिसणार. शिवाय चोरटी लांकूडतोड करणाऱ्याला किंवा रात्रींचा शिकार करणाऱ्याला तर गांवानें भुताला भिऊन घरांत बसणें सोयीचेंच असतें.

येथवर आल्यावर साहित्याकडे वळणें क्रमप्राप्त आहे. भुताच्या गोष्टींतला दिवा आणि विज्ञानकथेंतला दिवा यांत फरक कोणता? ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानें १८७७ सालीं स्कॉटलंडच्या कोळशाच्या खाणीवर एक कादंबरी लिहिली. तेथील भोळे लोक रात्रीं दिसणाऱ्या ज्वाळांना ‘अग्निकन्या’ समजतात. एका पडक्या किल्ल्यावरील उजेडाला फसून एक जहाज किनाऱ्यावर आपटतें, आणि गांव अग्निकन्यांना दोष देतें. पुढें उलगडा होतो तो असा कीं, या सर्वांमागें एक विक्षिप्त म्हातारा असून पूर्वीं खाणींतला स्फोटक वायु स्वतः पेटवून नाहींसा करण्याचें जिवावरचें काम तो करीत असे. हा खाणींतला वायु म्हणजे व्होल्टाच्या बाटलींतला मिथेनच. १८१५ सालीं हंफ्रे डेव्हीनें जाळीचा सुरक्षित दिवा शोधून काढला तो याच वायूपासून कामकऱ्यांना वांचविण्याकरितां. व्हर्ननें वाचकाला आधीं भीति दाखविली, पण भीतीजवळ सोडून दिलें नाहीं. कारणापर्यंत नेऊन पोंचविलें. भा. रा. भागवतांनीं हा व्हर्न मराठी मुलांच्या हातीं दिला, हे त्यांचे उपकार थोडे नाहींत.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासांत कोल्हापूरचें नांव एका निराळ्या कारणानें येतें. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं याच शहरांत झाला. मराठी विज्ञान परिषदेनें १९७४ सालीं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली, तेव्हां आपल्या नांवाचा प्रभाव परीक्षकांवर पडूं नये म्हणून त्यांनीं आद्याक्षरें उलटीं करून ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा आजच्या विषयाला फार जवळची आहे. आकाशांत एकाएकीं उगवणारें शेंडेनक्षत्र हें सर्वांत मोठें भुताचें दिवट समजलें जाई. राजा मरणार, रोगराई येणार, असें लोक म्हणत. एडमंड हॅलेनें १७०५ सालीं गणित करून सांगितलें कीं १६८२ सालचा धूमकेतु पुन्हां येईल, आणि १७५८ च्या अखेरीस तो खरोखर आला. ज्याच्या येण्याला लोक भीत, त्याच्या येण्याचें वेळापत्रक तयार झालें. नारळीकरांच्या कथेंत एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतु सांपडतो; तो पृथ्वीवर आदळण्याचा धोका शास्त्रज्ञ गुप्तपणें टाळतात; आणि घरांतील मंडळी मात्र संकट टळलें तें आपण केलेल्या यज्ञामुळें असें मानून समाधान पावतात. कथेंत कोणी खलपुरुष नाहीं. एकाच घरांत, एकाच छपराखालीं, एकाच प्रकाशाचे दोन अर्थ नांदत आहेत, आणि हें चित्र आपल्या पुष्कळ घरांचें आहे. २० मे २०२५ रोजीं डॉ. नारळीकर निवर्तले, पण तो प्रश्न ते आपल्यापुढें ठेवून गेले आहेत.

आतां शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दिवा दिसतो एकाला, आणि त्याची किंमत मोजतो भलताच. शेतांत उजेड दिसला. दुसऱ्या दिवशीं गाय आटली किंवा मूल आजारी पडलें. मग देवऋषी बोलावला जातो. आणि तो दिव्याला धनी मिळवून देतो. हा धनी बहुधा गांवांतील एखादी एकटी विधवा असते, किंवा ज्याच्याशीं बांधाचें भांडण आहे असा शेजारी असतो. करणी केली, चेटूक केलें, असा शिक्का एकदां बसला कीं त्या माणसाचें जिणें नकोसें होतें. महाराष्ट्रांत यासाठीं कायदा करावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा अमलांत आला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेऊन त्याला छळणें हा त्यामुळें गुन्हा झाला आहे. परंतु कायदा पोलीस ठाण्यापासून सुरू होतो; संशय मात्र ओसरीवर, संध्याकाळच्या गप्पांतून सुरू होतो. तेथें पोंचावयाचें काम आपलें, म्हणजे शिकलेल्या घरांचें आहे.

तें काम हंसण्यानें होत नाहीं. ज्यानें उजेड पाहिला त्याला खोटें पाडलें म्हणजे तो आपल्याशीं बोलण्याचें सोडतो आणि देवऋष्याकडे जातो. देवऋषी निदान त्याचें ऐकून तरी घेतो. म्हणून घरांतील कोणा वडीलधाऱ्यानें किंवा गांवाकडून आलेल्या पाहुण्यानें अशी हकीकत सांगितली, तर त्याला विचारावें : महिना कोणता होता? पाऊस होऊन किती दिवस झाले होते? वारा होता कीं पडला होता? जवळ पाणी किंवा चिखल होता काय? उजेडाचा रंग कोणता? आपण उभे राहिलांत तेव्हां तो थांबला काय? हीं उत्तरें, जॅक्सनच्या प्रश्नांना मास्तरांनीं दिलीं तशीं, पदरचें न घालतां लिहून ठेवावीं. या प्रश्नांनीं सांगणाऱ्याचा मान राहतो आणि त्याची भीतीही हळूहळू उतरते. कारण ज्या गोष्टीचा रंग, वेळ आणि जागा आपण नोंदवूं लागतों, ती गोष्ट पूर्वीसारखी भिववीत नाहीं. कांहीं दिव्यांचा उलगडा काजव्यांत होईल, कांहींचा गुऱ्हाळांत, कांहींचा बुडबुड्यांत. कांहींचा व्हावयाचा राहील. जो राहील त्याला ‘अजून कळलें नाहीं’ असें नांव द्यावें. पण त्याला कोणा शेजाऱ्याचें नांव कदापि देऊं नये.